एसटीएम३२एफ४४६ ला १८० मेगाहर्ट्झवर नेताना: आधी व्होल्टेज, मग फ्लॅश, शेवटी क्लॉक

मायक्रोकंट्रोलरचा वेग वाढवणं म्हणजे पीएलएलमधले (क्लॉक गुणून वाढवणाऱ्या आतल्या सर्किटमधले) दोन-तीन आकडे बदलणं, असा समज फार पसरलेला आहे. आकडे बदलले की बोर्ड चालतोही. टेबलावर, पंख्याखाली, यूएसबी केबलवर दिवसभर छान चालतो. मग तो डब्यात जातो, शेजारी मोटर किंवा रिले येतो, दुपारी डबा तापतो आणि चार-सहा तासांतून एकदा प्रोग्राम हार्ड फॉल्टमध्ये (पुढे चालताच येत नाही अशा चुकीत) जाऊन बसतो. आपण आठवडाभर कोडमधला पॉइंटर शोधत राहतो आणि चूक असते व्होल्टेजमध्ये.

हा लेख एकाच चिपबद्दल आहे: एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची एसटीएम३२एफ४४६आरई. कॉर्टेक्स-एम४ गाभा, कमाल १८० मेगाहर्ट्झ. न्यूक्लिओ-एफ४४६आरई हा तिचा बोर्ड बऱ्याच कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आणि घरच्या टेबलांवर दिसतो, म्हणून ती निवडली. दुसऱ्या चिपवर आकडे बदलतील, क्रम मात्र साधारण हाच राहील.

वेगाला व्होल्टेज का लागतं

१८० मेगाहर्ट्झला एक क्लॉक सायकल ५.५६ नॅनोसेकंदांची असते. गाभ्यातल्या सगळ्यांत लांब वाटेने जाणारा सिग्नल एका फ्लिप-फ्लॉपपासून पुढच्या फ्लिप-फ्लॉपपर्यंत एवढ्या वेळात पोचलाच पाहिजे. व्होल्टेज कमी झालं की ट्रान्झिस्टर मंदावतात आणि तोच सिग्नल उशिरा पोचतो. रिसेटनंतर चिप १६ मेगाहर्ट्झच्या अंतर्गत ऑसिलेटरवर चालते. तिथे सायकल ६२.५ नॅनोसेकंदांची असल्यामुळे थोडा उशीर खपून जातो. १८० वर तो खपत नाही.

चिपला आपण ३.३ व्होल्ट देतो, पण गाभा त्यावर चालत नाही. आतला रेग्युलेटर त्यातून सुमारे १.२ व्होल्टच्या घरातला पुरवठा तयार करतो. त्याच्या तीन पातळ्या आहेत. पातळी ३ म्हणजे साधारण १.१४ व्होल्ट आणि १२० मेगाहर्ट्झपर्यंतचा वेग. पातळी २ म्हणजे १.२६ व्होल्ट आणि १४४ मेगाहर्ट्झ. पातळी १ म्हणजे १.३२ व्होल्ट आणि १६८ मेगाहर्ट्झ. त्यापुढे १८० गाठायचं तर पातळी १ सोबत ‘ओव्हर-ड्राइव्ह’ चालू करावा लागतो. म्हणजे १६८ ते १८० हे बारा मेगाहर्ट्झ फुकट मिळत नाहीत, ते रीतसर मागून घ्यावे लागतात.

यातली एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. पातळी १ लिहून ठेवली तरी पीएलएल बंद असेपर्यंत चिप आपोआप पातळी ३ वरच राहते. शिवाय पातळीचे बिट पीएलएल बंद असतानाच बदलता येतात. पीएलएल सुरू करून मग पातळी लिहिणारा कोड मी अनेकदा पाहिला आहे. त्यात लिहिलेली ओळ फुकट जाते आणि कंपायलर काही बोलत नाही.

पायरी १: १८० खरंच हवे आहेत का, ते बघा

हे थोडक्यात. कोड अजून ऑप्टिमायझेशनशिवाय बिल्ड होतोय का? हार्डवेअर एफपीयू (दशांश गणिताचं सर्किट) सुरू आहे का, की दशांश गणित लायब्ररीतून होतंय? जे काम डीएमए (सीपीयूला न गुंतवता डेटा हलवणारा भाग) करू शकतो ते सीपीयू बाइट-बाइट करतोय का? यातलं एक जरी दुरुस्त झालं तरी बहुतेकदा १६८ वरून १८० वर जाऊन मिळणाऱ्या फायद्याहून जास्त मिळतं. डायनॅमिक पॉवर फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात हा प्रश्न आधी विचारावाच.

पायरी २: बोर्डावरचा पुरवठा

न्यूक्लिओ वापरत असाल तर हे काम झालेलं असतं. स्वतःचा बोर्ड बनवत असाल तर सर्वांत जास्त वेळ इथे घालवा.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्हीकॅप पिन. आतल्या रेग्युलेटरचा आउटपुट याच पिनवर बाहेर येतो आणि तिथल्या कपॅसिटरशिवाय तो स्थिर राहू शकत नाही. ६४ पिनांच्या एफ४४६आरई वर व्हीकॅप एकच आहे, तिथे ४.७ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लागतो आणि त्याचा ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) १ ओहमपेक्षा कमी हवा. मोठ्या पॅकेजमध्ये दोन व्हीकॅप पिन असतात, तिथे प्रत्येकी २.२ मायक्रोफॅरड. या पिनला ३.३ व्होल्ट जोडायचे नाहीत आणि इथून दुसऱ्या कशालाही पुरवठा घ्यायचा नाही.

माझ्या एका बोर्डावर जागा पुरेना म्हणून मी हा कपॅसिटर सेंटिमीटरभर दूर, बारीक ट्रॅकने जोडला होता. ८४ मेगाहर्ट्झवर त्या बोर्डाने महिनाभर त्रास दिला नाही. १८० वर नेल्यावर दर काही तासांनी हार्ड फॉल्ट, दर वेळी वेगळ्या पत्त्यावर. पत्ता सारखा बदलत असेल तर कोडआधी पुरवठ्यावर संशय घ्यावा, हे मी तेव्हापासून पाळतो. कपॅसिटर पिनला चिकटवून लावला, ग्राउंडचा व्हाया त्याच्या पॅडशेजारीच दिला आणि तो फॉल्ट परत आला नाही.

दुसरं, प्रत्येक व्हीडीडी (३.३ व्होल्ट पुरवठ्याच्या) पिनजवळ १०० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर, आणि सगळ्या चिपसाठी मिळून ४.७ मायक्रोफॅरडचा एक. अ‍ॅनालॉग पुरवठ्याच्या पिनवर १०० नॅनोफॅरड आणि १ मायक्रोफॅरड. कपॅसिटर विकत घेताना नुसती किंमत आणि मायक्रोफॅरड बघू नका, डायलेक्ट्रिक विचारा. एक्स७आर किंवा एक्स५आर घ्या. वाय५व्ही जातीचा कपॅसिटर तापमानाबरोबर आणि त्यावरच्या डीसी व्होल्टेजबरोबर आपली बरीचशी क्षमता गमावतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सुटे घेतलेत तर रीळवरचा पूर्ण पार्ट नंबर टिपून आणा. कपॅसिटरवर काही छापलेलं नसतं, नंतर ओळखायला मार्ग उरत नाही.

तिसरं, ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर. स्वस्त आणि सगळीकडे मिळणाऱ्या एएमएस१११७ चा ड्रॉपआउट (इनपुट आउटपुटपेक्षा किमान किती जास्त हवा तो फरक) पूर्ण लोडला १.१ व्होल्टच्या आसपास असतो. ५ व्होल्टवरून तो आरामात चालतो. एका लिथियम सेलवरून चालत नाही, कारण सेल ३.७ वर आला की आउटपुट ३.३ धरूच शकत नाही. १२ व्होल्टवरून थेट वापरायचा असेल तर उष्णतेचा हिशोब करा: १५० मिलिअँपिअर घेतले तर ८.७ गुणिले ०.१५, म्हणजे १.३ वॅट नुसती उष्णता. इवल्याशा पॅकेजला ती झेपत नाही. तिथे आधी बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विचिंग सर्किटने) ५ व्होल्ट करा आणि मग एलडीओ (वरच्यासारखा साधा रेग्युलेटर) लावा. शिवाय या जातीच्या जुन्या एलडीओंना आउटपुटवर थोडा ईएसआर असलेला कपॅसिटर लागतो, डेटाशीटमध्ये २२ मायक्रोफॅरडचा टँटलम सांगितलेला असतो. तिथे अगदी कमी ईएसआरचा सिरॅमिक लावला तर आउटपुट डोलू शकतो.

पायरी ३: क्लॉकचा उगम

आतल्या १६ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरवरूनही पीएलएल १८० करून देईल. पण त्याची अचूकता खोलीच्या तापमानाला १ टक्का आहे आणि तापमानाबरोबर ती ढळते. यूएसबी आणि कॅन बसला हे पुरत नाही, त्यांना बाहेरचा क्रिस्टल हवा. क्रिस्टलच्या डेटाशीटमध्ये लोड कपॅसिटन्स दिलेला असतो. त्यातून ट्रॅक आणि पिनांचा ३ ते ५ पिकोफॅरडचा भटका कपॅसिटन्स वजा करा आणि उरलेल्याची दुप्पट करा, तेवढा प्रत्येक बाजूला. लोड १२ पिकोफॅरड आणि भटका ४ धरला तर दोन्हीकडे १६.

न्यूक्लिओवर मात्र स्वतंत्र ८ मेगाहर्ट्झ क्रिस्टल बसवलेला नसतो. बोर्डावरचाच एसटी-लिंक (प्रोग्रामर) ८ मेगाहर्ट्झचा तयार क्लॉक देतो. म्हणून तिथे एचएसई (बाहेरच्या क्लॉकचा मार्ग) ‘बायपास’ मोडमध्ये सुरू करायचा. क्रिस्टल मोडमध्ये सुरू केलेला कोड न्यूक्लिओवर चालला म्हणून तसाच ठेवू नका.

आता पीएलएलचं गणित. एचएसई ८ मेगाहर्ट्झ, एम या भाजकाने भागून व्हीसीओच्या (पीएलएलमधल्या ऑसिलेटरच्या) इनपुटला १ ते २ मेगाहर्ट्झच्या दरम्यान आणायचं. एम ४ घेतला की २ मेगाहर्ट्झ होतात, आणि जिटर (क्लॉकची थरथर) कमी राहावा म्हणून २ च घ्यावेत अशी शिफारस आहे. एन हा गुणक १८० घेतला की व्हीसीओ ३६० वर जातो. पी हा शेवटचा भाजक २ घेतला की १८०.

इथे यूएसबीवाल्यांची अडचण होते. यूएसबीला नेमके ४८ मेगाहर्ट्झ लागतात आणि ३६० ला कुठल्याही पूर्णांकाने भागून ४८ येत नाहीत. एफ४४६ मध्ये यावर उपाय आहे: ४८ मेगाहर्ट्झ दुसऱ्या पीएलएलकडून, म्हणजे पीएलएल-एसएआयकडून घेता येतात. एफ४२९ वर ती सोय नाही. म्हणून तिथे यूएसबी वापरणारे लोक १६८ वरच थांबतात, कारण ३३६ ला ७ ने भागलं की बरोबर ४८ येतात.

पायरी ४: फ्लॅशचे वेट स्टेट

मला हा भाग सगळ्यांत आवडतो, कारण व्होल्टेज आणि वेग यांचं नातं इथे उघड दिसतं. फ्लॅश मेमरी गाभ्याएवढी वेगवान नसते. म्हणून वाचताना गाभ्याला काही सायकली थांबवावं लागतं. पुरवठा २.७ ते ३.६ व्होल्ट असेल तर नियम दर ३० मेगाहर्ट्झमागे एक वेट स्टेट असा आहे. १८० ला ५ वेट स्टेट, म्हणजे वाचायला एकूण ६ सायकली. ६ गुणिले ५.५६ म्हणजे ३३ नॅनोसेकंद. आता शून्य वेट स्टेटची मर्यादा बघा: ३० मेगाहर्ट्झ, एक सायकल, ३३ नॅनोसेकंद. आकडा तोच. म्हणजे फ्लॅशला वाचायला ३३ नॅनोसेकंद लागतात, तुम्ही त्याचे तुकडे कितीही करा.

पुरवठा २.१ ते २.४ व्होल्टवर आला की नियम दर २२ मेगाहर्ट्झमागे एक असा होतो, म्हणजे ४५ नॅनोसेकंद. १.८ ते २.१ मध्ये दर २० मेगाहर्ट्झमागे एक, म्हणजे ५० नॅनोसेकंद. आणि त्या शेवटच्या पट्ट्यात ओव्हर-ड्राइव्ह मिळतच नाही, त्यामुळे १८० चा विषयच संपतो. तात्पर्य, ‘५ वेट स्टेट’ हे सेटिंग पुरवठा २.७ व्होल्टच्या वर असेपर्यंतच खरं आहे. हा २.७ चा आकडा लक्षात ठेवा, पायरी ६ मध्ये तो पुन्हा लागणार आहे.

थांबण्याने वेग मारला जाईल ही भीती फारशी खरी नाही. एसटीचा एआरटी अ‍ॅक्सेलरेटर १२८ बिटांची पूर्ण ओळ एकदम वाचतो आणि ६४ ओळींचा इन्स्ट्रक्शन कॅश ठेवतो. प्रीफेच, इन्स्ट्रक्शन कॅश आणि डेटा कॅश ही तिन्ही बिटं चालू करा. तिथे विसरलात तर १८० वरचा कोड १२० वरच्या नीट बांधलेल्या कोडपेक्षाही हळू धावलेला दिसेल.

पायरी ५: योग्य क्रम

क्यूबएमएक्स (सुरुवातीचा कोड तयार करून देणारं एसटीचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर हे सगळं तो लिहून देतो. तरीही तयार झालेली फाइल उघडून पुढचा क्रम जुळतोय का, ते एकदा बघाच.

१. पॉवर कंट्रोलरचा क्लॉक सुरू करा. पीएलएल अजून बंद आहे, तोवर रेग्युलेटरची पातळी १ लिहा.

२. एचएसई सुरू करा, तयार असल्याचा बिट येईपर्यंत थांबा. थांबण्याला वेळेची मर्यादा घाला, नाहीतर क्रिस्टल मेला की बोर्ड तिथेच कायमचा अडकेल.

३. पीएलएलचे एम, एन, पी लिहा आणि पीएलएल सुरू करा.

४. ओव्हर-ड्राइव्हचा ओडीईएन बिट लावा, ओडीआरडीवाय येईपर्यंत थांबा. मग ओडीएसडब्ल्यूईएन लावा, ओडीएसडब्ल्यूआरडीवाय येईपर्यंत थांबा. या वेळेपर्यंत सिस्टिम क्लॉक एचएसआय (आतला १६ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर) किंवा एचएसईवर असला पाहिजे आणि पेरिफेरलचे क्लॉक सुरू केलेले नसावेत. म्हणून ही सगळी जुळणी मेनच्या अगदी सुरुवातीला, यूआर्ट (सिरियल पोर्ट) आणि टायमरच्या आधी.

५. फ्लॅशचे ५ वेट स्टेट लिहा आणि तोच रजिस्टर परत वाचून ५ च दिसतात याची खात्री करा. हा परत वाचण्याचा भाग गाळू नका.

६. प्रीस्केलर (चिपमधल्या एएचबी आणि एपीबी या बसचे क्लॉक भागणारे आकडे) लिहा: एएचबी १, एपीबी१ साठी ४, एपीबी२ साठी २. म्हणजे ४५ आणि ९० मेगाहर्ट्झ, या दोन्ही बसच्या कमाल मर्यादा.

७. पीएलएल लॉक झाल्याची खात्री करा आणि मग सिस्टिम क्लॉक त्यावर वळवा. स्थितीचा बिट पीएलएल दाखवेपर्यंत थांबा.

वेग कमी करताना हेच उलट: आधी क्लॉक खाली, मग वेट स्टेट कमी, मग व्होल्टेज खाली. लिनक्स चालणाऱ्या बोर्डांवर कर्नलही हेच करतं. डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये) फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेजच्या जोड्या लिहिलेल्या असतात. वर जाताना कर्नल आधी रेग्युलेटर वाढवतं आणि मग क्लॉक, खाली येताना आधी क्लॉक आणि मग रेग्युलेटर.

क्लॉक बदलल्यावर आजूबाजूचं काय हललं तेही बघा. एपीबीचा प्रीस्केलर १ पेक्षा जास्त असला की त्या बसवरच्या टायमरना बसच्या दुप्पट क्लॉक मिळतो, म्हणजे इथे ९० आणि १८०. एडीसीची (अॅनालॉग व्होल्टेज मोजणाऱ्या भागाची) मर्यादा ३६ मेगाहर्ट्झ आहे. ९० ला २ ने भागून ४५ होतात, ते चालत नाही, ४ ने भागून २२.५ घ्या. आणि यूआर्टवर कचरा दिसत असेल तर एचएसई_व्हॅल्यू हा मॅक्रो तपासा. लायब्ररीत तो न सांगता २५ मेगाहर्ट्झ धरलेला असू शकतो. क्रिस्टल ८ चा असेल तर बॉड रेट ३.१२५ पटीने चुकतो आणि ११५२०० च्या जागी ३६८६४ बाहेर पडतात.

पायरी ६: पुरवठा घसरला तर

कारखान्यातून आलेल्या चिपमध्ये ब्राउन-आउट रिसेट (पुरवठा घसरला की चिप रिसेट करणारी सोय) बंद असतो. म्हणजे पुरवठा २.३ व्होल्टवर आला तरी चिप १८० मेगाहर्ट्झवर, ५ वेट स्टेटवर फ्लॅश वाचतच राहते आणि चुकीचं वाचते. ऑप्शन बाइटमध्ये (चिपच्या कायम टिकणाऱ्या सेटिंगमध्ये) ब्राउन-आउटचा स्तर ३ निवडा. तो सुमारे २.८ व्होल्टला रिसेट देतो. पायरी ४ मधला २.७ आठवा: आता चिप आपल्या वेट स्टेटच्या हद्दीबाहेर कधी चालणारच नाही. एवढी एक सेटिंग मी पाहिलेल्या कितीतरी ‘अधूनमधून हँग’ होणाऱ्या बोर्डांना पुरेशी ठरली आहे. हँगऐवजी स्वच्छ रिसेट मिळतो आणि कारण कळतं.

कारण कळण्यासाठी सुरुवातीलाच आरसीसी_सीएसआर रजिस्टरमधले रिसेटचे झेंडे वाचून कुठेतरी नोंदवा आणि मग पुसा. ब्राउन-आउट, वॉचडॉग, सॉफ्टवेअर, रिसेट पिन असे ते वेगवेगळे असतात. रिले ओढला की बोर्ड रिसेट होतो, अशी तक्रार असेल तर हा झेंडा पाच मिनिटांत उत्तर देतो.

पीव्हीडी म्हणजे व्होल्टेज घसरल्याची आगाऊ सूचना. तिचा सर्वांत वरचा स्तर नाममात्र २.९ व्होल्टचा आहे, म्हणजे ब्राउन-आउटच्या थोडाच आधी. त्या वेळात मोटरचा पीडब्ल्यूएम बंद करता येईल, फ्लॅशचा सेक्टर लिहून होणार नाही. आणि क्लॉक सिक्युरिटी सिस्टिम चालू ठेवा: एचएसई बंद पडला तर चिप एचएसआयवर जाते आणि एनएमआय (थोपवता न येणारा इंटरप्ट) येतो.

पायरी ७: मोजा

क्लॉक खरंच १८० आहे का? एमसीओ२ पिनवर, म्हणजे पीसी९ वर, सिस्टिम क्लॉक ५ ने भागून बाहेर काढा. स्कोपवर ३६ मेगाहर्ट्झ दिसले पाहिजेत. स्कोप नसेल तर डीडब्ल्यूटीचा (गाभ्यातल्या डीबग भागाचा) सायकल काउंटर एका सेकंदात किती वाढतो ते बघा, पण सेकंद त्याच क्लॉकवरून न मोजता ३२.७६८ किलोहर्ट्झच्या आरटीसी (घड्याळाच्या) क्रिस्टलवरून मोजा. हा ३२ बिटांचा काउंटर १८० वर २३.९ सेकंदांत उलटतो, हे ध्यानात ठेवा.

व्होल्टेज चिपकडूनच मोजून घेता येतं. आत सुमारे १.२१ व्होल्टचा संदर्भ आहे आणि ३.३ व्होल्टला तो एडीसीवर किती दिसतो याची नोंद कारखान्यातच प्रत्येक चिपमध्ये लिहिलेली असते. ३.३ ला त्या नोंदीने गुणा आणि आत्ताच्या वाचनाने भागा, पुरवठा मिळाला. सॅम्पलिंग किमान १० मायक्रोसेकंदांचं ठेवा, २२.५ मेगाहर्ट्झवर ४८० सायकली म्हणजे २१ मायक्रोसेकंद होतात, तेवढे पुरे. ही पद्धत सावकाश होणारी घसरण पकडते, मायक्रोसेकंदाचा खड्डा पकडत नाही.

तो खड्डा स्कोपवरच दिसतो. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढा, टोकाला स्प्रिंग लावा, एसी कपलिंग करून चिपच्या पिनवरच टेकवा. मग मुद्दाम छळणारा प्रोग्राम चालवा: अर्धा मिलिसेकंद गाभा डब्ल्यूएफआयमध्ये (इंटरप्टची वाट बघत) झोपलेला, अर्धा मिलिसेकंद जोरात गुणाकार. करंटची ही उडी दर सेकंदाला हजारदा होते आणि कमकुवत पुरवठा लगेच उघडा पडतो. त्याचबरोबर पूर्ण फ्लॅशचा सीआरसी (डेटा बदलला का ते सांगणारा तपासणी आकडा) पुन्हा पुन्हा काढत राहा आणि तो कधी बदलतो का ते मोजा.

हे सगळं तीन वेळा करा. एकदा ३.३ व्होल्टवर खोलीच्या तापमानाला. एकदा पुरवठा ३.० वर उतरवून. आणि एकदा हेअर ड्रायरने चिप तापवून, तापमानावर नजर ठेवून, तुमच्या चिपच्या तापमान श्रेणीच्या आत. रात्रभर चालू द्या. १८० च्या पुढे २०० वर नेऊन ‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांना माझा एवढाच आग्रह आहे की हीच चाचणी गरम चिपवर, ३.० व्होल्टवर करून बघावी. डेटाशीट १८० ची हमी सगळ्या तापमान श्रेणीसाठी देते. त्यापुढे तुमच्या हातातल्या एका चिपचा अनुभव पुढच्या शंभर चिपना लागू होत नाही.

शेवटची तपासणी स्टॉप मोड (वीज वाचवणारी गाढ झोप) वापरणाऱ्यांसाठी. त्यातून जाग आली की चिप १६ मेगाहर्ट्झच्या एचएसआयवर असते, पीएलएल बंद, ओव्हर-ड्राइव्हही बंद. पायरी ५ चा पूर्ण क्रम तिथे पुन्हा चालवावा लागतो, म्हणून तो मेनमध्ये न लिहिता वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा आणि जाग आल्यावर पेरिफेरल सुरू करण्याआधी ते फंक्शन बोलवा.